मागच्या दाराची खिटी

दार लोटून घे, मधू. नुसतं लोट, कडी लावू नको. थंडी येते तर येऊ दे. शरयू, तुझ्या काकूनं दोन गोधड्या जास्तीच्या काढून ठेवल्यात, त्या ओढा दोघं बहीणभाऊ अन् इकडे सरकून बसा.

हं. आता जेवताना काय सांगत होतास ते पुन्हा सांग बघू. वर्ध्याला नोकरी लागली, गोदामाचा कारकून झालास, चांगलं झालं, पेढे आम्ही खाल्लेच. पण त्याच्या पुढचं. मागच्या बाजूनं माल जातो असा वहीम आला, तर तू साहेबाच्या कानावर घातलंस अन् मागच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकवलंस. साहेबानं पाठ थोपटली. रात्रपाळीला किती माणसं असतात रे आत? अकरा. बरं.

मग ऐका. ही गोष्ट भुताची आहे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी केळझरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, मी भूतबित मानत नाही. पण नत्थू मिस्त्री माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, माझ्याच ओसरीवर बसून, अन् पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. मध्ये कोणी बोलायचं नाही. मधू, हसायचंही नाही.

सन पंचावन्न. जानेवारीची तेवीस तारीख, रविवार, पौषातली अवस. रात्रीची जेवणं झाली तसा नत्थू घरून निघाला. काम साधं होतं. सेलूच्या रस्त्याला ताराचंद शेठचं जिन होतं, कापसातून सरकी काढायचा कारखाना, तिथे तो फिटर. सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं विमा कंपनीचा साहेब येणार होता, रुईच्या कोठाराची दारं तपासायला. मुनीम वासुदेवरावांनी निरोप धाडला होता, की रात्रीतून दारांचं तेलपाणी करून ठेव. नत्थूनं आपल्या आठ वर्षांच्या इंदूला आमच्या घरी आणून सोडलं. पोरीला आई नव्हती, तेव्हा असं नेहमीच व्हायचं. मी म्हटलं, अरे, थंडीचं कुठे जातोस, पहाटे जा. तर म्हणाला, गुरुजी, सरकतं दार मोजाले रिकामं जिन लागते, आज रविवार हाय, बाया नाईत. अन् सायकलवर टांग टाकून गेला.

आता हे सरकतं दार म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जिनाच्या खोलीत सरकी काढून रुई निघते अन् शेजारच्या कोठारात साठते. कापसात कधी गारगोटी आली, यंत्रात घासली, एक ठिणगी उडाली की खेळ खलास. म्हणून या दोन खोल्यांच्या मध्ये एक दांडगं दार असतं. लाकडाचं, दोन्ही अंगांनी पत्रा मारलेलं. वरचा रूळ मुद्दाम उतरता ठेवलेला, म्हणजे दार कायम बंद व्हायला बघतं, पण साखळीला एक वजन टांगून त्याला उघडं धरून ठेवतात. त्या साखळीत मधोमध दोन पितळी पट्ट्या असतात, नुसत्या झाळ देऊन चिकटवलेल्या. बाया तिला टिकली म्हणायच्या. आगीची धग लागली की झाळ वितळते, टिकली तुटते, वजन खाली, अन् दार आपलं आपण गडगडत येऊन बंद होतं. माणूस लागत नाही. आग या खोलीतली त्या खोलीत जात नाही.

पण मग कोठारात कोणी असलं तर? त्यासाठी मागच्या भिंतीत एक लहान दार. त्याला आतून खिटी, वर उचलली की दार उघडलं, शेंबड्या पोरालाही जमावं असं. विम्यावाल्यांचा नियमच होता, की या दाराला बाहेरून कुलूप म्हणून लावायचं नाही.

नत्थू या दोन दारांवर जीव टाकायचा. रुळाला दर आठवड्याला ग्रीस, टिकली फडक्यानं पुसलेली, उंबऱ्यात कापसाचं एक बोंड पडू द्यायचा नाही. दुसऱ्या जिनांत बाया दाराला दगड लावून ठेवायच्या, इथे दगड दिसला की नत्थू तोंड सोडायचा. वजन काढल्यापासून दार लागेपर्यंत बरोबर सात आकडे झाले पाहिजेत. सहा झाले तर दार माणसाला चिरडेल, आठ झाले तर रूळ अडला समजायचं. आमच्याकडे पाटी-पेन्सिल घेऊन यायचा, आकडे दाखवायला. मी त्याला गमतीनं इंजिनीयर म्हणायचो.

त्याची बायको मंदाबाई, होती तोवर, त्याच जिनावर कामाला. लग्नाच्या आधी, नवीन असताना, तिच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर यंत्राच्या रोलरनं खाल्लं होतं. नत्थू तिला नावानं हाक मारायचाच नाही. साडेनऊ म्हणायचा. ए साडेनऊ, भाकर वाढ. ती चिडायची, लटकी चिडायची, अन् इंदू त्यांची पोर तर आईचं ते अर्धं बोट मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. कुडाच्या भिंतीतून हे सगळं ऐकू यायचं आम्हाला. गरिबाघरी हसू असावं ते होतं.

थंडीच्या दिवसांत रात्रपाळीच्या बाया बाराच्या सुट्टीत आळीपाळीनं कोठारात शिरून रुईत अंग टाकायच्या. उबेला. नियमात बसत नव्हतं, पण मुनीमही तिकडे बघायचा नाही. नत्थूला ते माहीत होतं, म्हणून त्यानं बायकोला धड्यासारखं पाठ करून घेतलं होतं. आगीची घंटा झाली तर सरकत्या दाराकडे धावायचंच नाही, सात मोजेपर्यंत ते लागते. सरळ मागच्या दाराकडे जायचं, खिटी वर करायची, अन् बाहेर. मंदाबाईला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं, पण हे सात तिला झोपेतही यायचे.

त्रेपन्न सालच्या जानेवारीत कोठारातून दोनदा रुई चोरीला गेली. मागच्या दारानंच. संक्रांत होऊन पाचवा दिवस होता, सोमवार. दुपारी वासुदेवरावांनी नत्थूला बोलावलं अन् हातात कुलूप ठेवलं, की दाराच्या बाहेर कडी-कोयंडा बसव अन् हे लावून चावी मला आणून दे. नत्थूनं विम्याच्या नियमाचं नाव काढलं. मुनीम म्हणाले, विमा आगीचा आहे, चोरीचा तू भरून देशील काय? चार रात्रींचा प्रश्न आहे, चोर सापडला की काढू. नत्थूनं कोयंडा बसवला. तीन इंची स्क्रू लावले. कुलूप दाबलं, चावी नेऊन दिली.

घरी आला तेव्हा मंदाबाई पाळीला निघाली होती. भोंगा व्हायला आला होता. संक्रांतीच्या नव्या बांगड्या हातात, हिरव्या. डब्यातला तिळगूळ काढून तिनं त्याच्या हातावर ठेवला. दारात पाय टाकता टाकता, उगीचच, तिनं विचारलं,

"अवो, खिटी आतून उघडते ना?"

तिला काही कळलं होतं की सहज विचारलं, हे त्याला कधीच समजलं नाही. त्याच्या मनात आलं, खरं सांगावं तर ही आत्ता साऱ्या बायांना सांगेल, बाया कामावर बसणार नाहीत, मुनीम माझ्यावर उलटेल. उद्या वासुदेवरावांशी बोलून कुलूप काढून घेऊ. उद्याच.

"हाव," तो म्हणाला.

एवढंच. तिळगूळ तोंडात होता, अन् गोडच बोलला तो.

रात्री सव्वा बाराला जिनाच्या खोलीत ठिणगी पडली अन् आगीची घंटा झाली. कोठारात पाच बाया होत्या. त्यातल्या कुसुमबाईनं नंतर सांगितलं. घंटा झाली तशा साऱ्या जणी उठल्या अन् समोर उजेड दिसला तिकडे, सरकत्या दाराकडे पळाल्या. त्या अडाणी होत्या, दार सात मोजेपर्यंत लागतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणून त्या वाचल्या, पोरांनो. शेवटची निघाली तेव्हा दार तिच्या लुगड्याला चाटून लागलं. एकटी मंदाबाई उलट्या बाजूला गेली. धुरातून तिचा आवाज येत होता, "इकून या वं बायांनो, इकून." मोजत होती अन् बोलावत होती.

दार लागायच्या आधीच ठिणगी कोठारात शिरली होती. घंटा ऐकून नत्थू सायकल हाणत पोचला तेव्हा चावी गावात मुनीमाच्या घरी. त्यानं घणानं कुलूप तोडलं. दार उघडल्याबरोबर ती बाहेर कोसळली, उंबऱ्याला टेकूनच होती. जळाली नव्हती कुठे, धुरानं गेली. अन् नत्थूनं पाहिलं, आतली खिटी वर उचललेली, तशीच अडकलेली होती. नवऱ्यानं शिकवलेलं सगळं तिनं बरोबर केलं होतं.

थांब शरयू, रडू नको अजून. याच्याहून वाईट पुढे आहे.

पंचनामा झाला. त्यात लिहिलं, की मागचं दार मोकळं होतं, बाई धुरात भांबावली, तिला खिटी सापडली नाही. तुटकं कुलूप कुठे गेलं कोणास ठाऊक. वासुदेवरावांनी नत्थूला बाजूला घेऊन समजावलं, की कुलूप तुझ्या हातचं आहे, आत जाशील, मग पोरीला कोण? नत्थूनं सही केली. ज्या बाईला ते दार साऱ्या जिनात सगळ्यात जास्त माहीत होतं, तिला दार उघडता आलं नाही असं त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं.

दोन वर्षं गेली. कोठार नवीन झालं, दारं नवी झाली. पहिलं वर्ष कुलूप नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा दोन बोचकी रुई गेली, अन् पुन्हा मागच्या दाराला बाहेरून कुलूप दिसायला लागलं. चौकीदार चिंधूच्या हातानं, पण कोयंडा नत्थूनंच बसवलेला. तो बघून न बघितल्यासारखं करायचा. त्याला बोलायला तोंडच राहिलं नव्हतं.

तर त्या रविवारी रात्री नऊला तो जिनावर पोचला. वासुदेवराव फाटकातच भेटले, घरी चालले होते. चावी त्याच्या हातावर ठेवून म्हणाले, की कुलूप आता उघडून ठेव, साहेबाला बंद दिसता कामा नये. उद्या तो परतीच्या गाडीत बसला की संध्याकाळच्या पाळीच्या आत पुन्हा दाबून टाक. नत्थू हो म्हणाला. हो म्हणायची सवयच लागली होती त्याला.

त्यानं आधी मागचं कुलूप उघडलं. उघडं कुलूप तसंच कोयंड्यात अडकवून ठेवलं, चावी खिशात घातली. आत जाऊन दार लोटलं, खिटी पडली. खिटीला चांगलं बोटभर ग्रीस चोपडलं, हात फडक्याला पुसले अन् तो सरकत्या दाराकडे वळला. कोठारात कंदील न्यायचा नसतो, बॅटरी होती त्याच्याकडे. दहाच्या सुमारास रुळाचं काम आटोपलं. दार आतल्या अंगानं नीट बसतं की नाही, फट राहते काय, हे बघायचं म्हणून तो कोठारातच उभा राहिला अन् आतूनच वजनाची साखळी सोडली. एक, दोन, तीन... सात. दार लागलं. बरोबर सात. एकदा लागलं की ते आतून एकट्याच्यानं हलत नाही, पण त्याची त्याला फिकीर नव्हती. मागचं दार होतं ना.

इकडे बाहेर काय झालं ते ऐका. चिंधू दहाची गस्त घालत मागून आला. त्याला कुलूप उघडं लोंबताना दिसलं. मिस्त्री काम करून गेला अन् विसरला, असं त्याला वाटलं. साहेब येणार, निरोप काय, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्याला मुनीमाचा एकच हुकूम ठाऊक होता, की कुलूप उघडं दिसलं तर आधी दाबायचं, मग विचारायचं. आत दार गडगडत होतं ते भिंतीतून त्याला ऐकू आलं नाही, अन् त्या गडगडाटात कुलूप दाबल्याचं नत्थूला कळलं नाही; चिंधू फाटकाशी जाऊन घोंगडीत शिरला. फाटक तिथून दोन शेतं दूर.

नत्थू मागच्या दारापाशी आला. खिटी उचलली. दार हललं नाही.

पुन्हा उचलली. खांदा लावला. बाहेर कुलूप कोयंड्यावर वाजलं. तो आवाज त्याला ओळखू आला.

त्यानं चिंधूला हाका मारल्या. मग थांबला. भिंतीतून अन् रुईतून हाका पोचत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? चावी खिशात होती अन् कुलूप बाहेर. तो स्वतःशी म्हणाला, सकाळी कोणी येईल, रात्र काढायची आहे, त्यात काय. तेवढ्यात बॅटरी पिवळी पडली. लाल झाली. विझली.

अंधार... अवसेचा, अन् चारी भिंतींचा. रुई कशी असते, ती आवाज खाते. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. नत्थू दाराला पाठ लावून उभा राहिला. नाकात कसला तरी वास यायला लागला. ग्रीसचा नव्हे. धुराचा.

त्यानं स्वतःला बजावलं, आग नाही. जिन बंद आहे. भास आहे. पण डोळे चुरचुरायला लागले. त्यानं वळून दाराला लाथा घातल्या, मुठी घातल्या.

अन् मग, कोठाराच्या पार त्या टोकाकडून...

"एक..."

हळू. बाई शिकताना मोजते तसं.

"दोन..."

नत्थूचे हात दारावर तसेच राहिले.

"तीन..."

रुईत पाय रुततो, त्याचा आवाज. एक पाऊल. मग दुसरं.

"चार..."

तो वळला नाही. वळला असता तरी काय दिसणार होतं? त्याला रामाचं नाव आठवेना. त्याला फक्त पुढचा आकडा आठवत होता.

"पाच..."

जवळ.

"सहा..."

बांगड्या वाजल्या...

सात आलाच नाही. सातच्या जागी नुसता श्वास. त्याच्या खांद्यामागे. वीतभर अंतरावर. धापा टाकत आलेल्या माणसाचा. खूप वेळ तेवढंच होतं. मग खिटी हलली. त्याचे दोन्ही हात दाराच्या फळीवर पसरलेले. अन् खिटी हलली... वर झाली. खाली पडली. पुन्हा वर.

"अवो..."

आवाज तोच. निघता निघता विचारलेला.

"...खिटी आतून उघडते ना?"

शप्पथ सांगतो पोरांनो, हे सांगताना नत्थू ओसरीच्या जमिनीकडे बघत होता. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला तरी त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, गुरुजी, भीती तिथंच संपली. भूत असो, भास असो, मला त्याचं काही नव्हतं. दोन वर्षं मी रोज रात्री तिला त्या प्रश्नाचं खरं उत्तर देत होतो, अन् ऐकायला ती नव्हती. आता होती.

"नाई," तो म्हणाला. "नाई उघडत, मंदे. मी बाहेरून कुलूप लावलं. अन् तुले हाव म्हटलं."

त्यानं कपाळ फळीला टेकवलं.

"खोटं बोललो मी तुले. मंगून लिहूनबी खोटंच देलं. तू चुकली नव्हती वं..."

मागचा श्वास थांबला.

मग काय झालं ते त्याला धड सांगता येत नाही. पाठीला धक्का लागला, की त्याचं स्वतःचंच अंग दारावर पडलं, देव जाणे. कोयंडा स्क्रूंसकट उपटून आला, दार बाहेर फाटकन उघडलं, अन् नत्थू थंडगार मातीवर पालथा पडला. वर चांदण्या होत्या. कुलूप बाजूला, बंदच, कोयंड्यात अडकलेलं. मागे कोठारात धूर नव्हता, वास नव्हता, काही नव्हतं.

आवाजानं चिंधू कंदील घेऊन धावत आला. मिस्त्रीला तसं पाहून त्याला आपण काय केलं ते उमगलं अन् तो म्हातारा ढसाढसा रडायला लागला. त्यानं आपली घोंगडी नत्थूच्या अंगावर टाकली. उजाडेपर्यंत दोघं त्या उघड्या दारासमोर बसून राहिले. नत्थूनं घोंगडी काढली नाही, थंडी तशीच होती.

साहेब नऊला आला. वासुदेवराव पुढे होऊन सगळं दाखवत होते. मागच्या दाराशी आले, उपटलेला कोयंडा पाहिला अन् मुनीम गडबडले, जुना होता, काढायलाच सांगितला होता, वगैरे. घोंगडी पांघरलेला नत्थू मध्ये येऊन उभा राहिला.

"साहेब, माही बायको मेली त्या रात्री या दाराले कुलूप होतं. मी लावलं होतं. पंचनाम्यात खोटं हाय. तिले दार उघडता येत होतं."

मुनीम म्हणाले, याचं डोकं फिरलंय. साहेबानं कोयंडा उचलला, स्क्रू पाहिले, चिंधूला विचारलं. चिंधूनं खरं ते सांगितलं. पुढे चौकशी बसली, कुसुमबाईची जबानी झाली, मुनीमांची नोकरी गेली, नत्थूचीही गेली. आत जायची वेळ आली होती, थोडक्यात निभावलं. आता तो श्यामजीपंताच्या तळेगावला इंजिनं दुरुस्त करतो. त्या दाराला मात्र पुन्हा कोयंडा लागला नाही. कोयंडा कसा उपटला म्हणाल, तर नवं लाकूड, ओलं असेल, स्क्रूंनी धरलं नसेल. सगळे असंच म्हणाले. मीही तसंच म्हणतो. गणिताच्या मास्तरानं तेच म्हणायला हवं.

पण मी तुम्हाला भुताची गोष्ट सांगतो म्हटलं, ती एवढ्यासाठी नव्हे.

सोमवारी दुपारी नत्थू इंदूला न्यायला आमच्या घरी आला. ओसरीवर बसला, हे सगळं सांगितलं, अन् मग ऊन लागलं म्हणून घोंगडी काढून ठेवली. अंगात रविवारचाच पांढरा सदरा. तो पाणी प्यायला वळला अन् तुझी काकू दारातच थबकली. सदऱ्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, जिथे माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही तिथे, काळ्या ग्रीसचा पंजा उठला होता. घोंगडीनं कडेनं थोडा पुसटलेला, पण स्पष्ट. ग्रीसला रुईचे तंतू चिकटलेले. मारलेला नव्हे, ओरबाडलेला नव्हे. पाठीवर हात ठेवून माणसाला पुढे करतात, तसा टेकलेला. डावा हात.

काकूनं बोट करून दाखवलं. सदरा काढून नत्थूनं समोर धरला अन् त्याच्या मांडीवर तो तसाच पसरून राहिला. आतून इंदू आली. तिला आम्ही यातलं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. ती जवळ आली, पंजाकडे बघत उभी राहिली. मग तिनं आपली लहानशी मूठ पंजाच्या कडेला ठेवली, जिथे करंगळी एक पेर आखूड होती, अन् बापाला म्हणाली, "बाबा, हे धुवाले नका टाकजो."

त्या रात्री ती पोर तो सदरा उशाशी घेऊन झोपली. मूठ तिथंच होती.